मोहाला घाई चालत नाही

घरी बीअर बनवायचे व्हिडिओ आजकाल रीलमध्ये सारखे येतात. त्यातला प्रत्येक गोरा माणूस एकच सांगतो: थांबा, झाकण उघडू नका, बाटलीत लवकर भरू नका. हे ऐकलं की मला मणिबेली आठवते. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ. तिथल्या भिलांना हे शिकवायला यूट्यूब लागलं नाही. त्यांच्याकडे बीअर नव्हती, मोह होता.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे हा एपिसोड रेसिपी नाही, इतिहास आहे.

होळीच्या आसपास मोह फुलतो. फुलं रात्री गळतात आणि बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. मग फुलं कडक उन्हात वाळवायची. नवशिक्या इथेच फसतो, कारण ओलसर फूल साठवलं की बुरशी धरते. वाळलेल्या फुलाचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं. ते पाण्यात भिजवलं की यीस्ट ती साखर खातं, तिचा अल्कोहोल होतो आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. उन्हाळ्यात हे काम थोड्या दिवसांत उरकतं, थंडीत जास्त लागतात. कॅलेंडर बघून चालत नाही, मडक्याला कान लावावा लागतो. बुडबुडे चालू असताना चुलीवर चढवलं तर साखर वाया जाते आणि दारू कमी निघते. बुडबुडे थांबल्यावर उगाच ठेवून दिलं तर हवेतले जिवाणू त्याचं व्हिनेगर करतात. बीअरवाल्यांचंही हेच दुखणं आहे. फक्त त्यांच्याकडे घाई केली तर बाटली फुटते.

शेवटी गाळणं. खाली मडकं, वर थंड पाण्याचं भांडं आणि मंद जाळ. जाळ मोठा केला की तळ करपतो आणि धुराचा वास दारूत उतरतो. पहिली धार देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. जन्म, लग्न, मरण, यातलं काहीच त्याशिवाय पार पडत नसे.

आता गंमत बघा. हे सगळं यीस्ट नावाचा जीव करतो, हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने दाखवलं आणि बीअरवरचं त्याचं पुस्तक 1876 ला आलं. दोनच वर्षांनी, 1878 ला, इंग्रजांनी मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला. तिकडे मडक्यातलं विज्ञान उलगडत होतं, इकडे मडकंच बेकायदा ठरत होतं. सरकारला महसूल हवा होता. म्हणून गावोगावचं गाळणं बंद, दारू ठरलेल्या भट्टीत बनणार आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. उरणच्या भट्ट्यांमध्ये मोहाचीच दारू बनायची, पण फुलं वेचणाऱ्याला तीच पैसे मोजून घ्यावी लागायची. 1892 ला तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खुद्द मोहफुलांवरच कायदा आला. फूल घरात ठेवलं तरी संशय!

माझं मत विचाराल तर खरं नुकसान इथे झालं. धाड पडणार असेल तर मडक्याला कान लावून कोण बसेल? चोरून करायचं म्हणजे पटकन करायचं. मग हातभट्टीत नवसागर आला, काळा गूळ आला. पेपरात येतं ना, 'इतके लिटर रसायन नष्ट केले', ते हेच. आणि 2015 ला मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली, ती फुलांमुळे नाही, मिथेनॉलमुळे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1922 च्या देवी चळवळीत दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली, कारण ठेकेदाराचं कर्ज. 1930 च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांच्या मागे हजारो लोकांनी तेच केलं. दारूने घरं बुडतात, हे त्यांना कोणी बाहेरच्याने समजावलं नव्हतं.

आणि मग धरण. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांत मणिबेली पहिलं. तिथे सत्याग्रह झाला, पोलीस आले आणि 1993 च्या पावसाळ्यात पाणी घरांत शिरलं. 1994 ला जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांचं कर्ज थांबवायला सांगितलं. त्या जाहीरनाम्याला नावच 'मणिबेली' दिलं.

घराची भरपाई मोजता येते, पण मोहाचं काय? बी लावल्यापासून फुलं यायला साधारण दहा वर्षं, भरभरून फुलायला त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आजोबाने लावायचं आणि नातवाने वेचायचं. नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला, तरी वेचण्याजोगा मोह त्यात कुठून येणार?

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची आणि नेण्यावरची बंधनं काढली. फुलं आता मोकळेपणाने विकता येतात, लाडू आणि सरबतही बनवता येतं. मडकं मात्र अजून बंदच आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा देऊन आदिवासी गटांना परवाने द्यायला सुरुवात केली. तो प्रयोग कसा चाललाय, ते पुढच्या भागात बघू.