पाचवीची रात्र आणि नाळ

मंडळी, आपल्याकडे पाचवी पुजतात हे तुम्हाला सांगायला नकोच. सटवाई मांडायची, शेजारी कोरा कागद नि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा आणि बायकांनी जागायचं. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. मला प्रश्न पडायचा, मग जागायचं कशाला? लिहिणारी काय, आपण झोपलो तरी लिहीलच!

माझ्या आईच्या पाठची दोन भावंडं बाळंतिणीच्या खोलीतच गेली. आजी सांगायची, "चांगलं पीत होतं रे, सहाव्या दिवशी तोंडच उघडेना." आठवा दिवस काही उजाडला नाही. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं सटवीने नेलं. तो नवजात बाळाचा धनुर्वात होता.

पुढे नोकरीमुळे डहाणू तालुक्यात कैनाडच्या बाजूच्या वारली पाड्यांवर हिंडणं झालं. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढलेला असायचा, मध्ये पालघट देवी. ती सुफलतेची देवी, तिच्यावाचून लग्न लागत नाही. त्या काळी बाळंतपणं घरातच, जाणत्या सुईणीच्या हातून व्हायची. त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. आडवं मूल बोटांनी ओळखणाऱ्या बाया होत्या त्या. घोळ व्हायचा तो नाळ कापताना. आणि तो काही वारल्यांपुरता नव्हता, गावोगाव तेच. विळा नाहीतर बांबूची कामटी, आणि वर राख किंवा शेण.

नाळ म्हणजे दोन रोहिण्या आणि एक नीला, भोवती चिकट गर. तिच्यात मज्जातंतू नसतात, म्हणून कापताना बाळाला कळतही नाही. उरलेला तुकडा मात्र मरून वाळत जातो, तिथे प्राणवायू पोचत नाही. धनुर्वाताच्या जंतूला नेमकं हेच हवं असतं. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं तग धरतात. तिथे ते रुजले की विष तयार होतं आणि मज्जातंतूंवाटे वर चढतं. जबडा बसतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. याला लागतात साधारण तीन ते चौदा दिवस, बहुधा आठवडाभर. पाचवीची जागरणं नेमकी याच दिवसांतली! हा माझा तर्क, पण मला तो पटतो. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावर तर या रोगाला 'आठ दिवसांचं दुखणं' असंच म्हणायचे.

जपानच्या कितासातोने हा जंतू 1889 साली वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी बेरिंगबरोबर त्याचं प्रतिविष दाखवलं. पण बाळाचं काय? जन्मल्यावर त्याला लस टोचून आठ दिवसांत ती अंगी लागणार कधी? उत्तर निघालं आईच्या पोटात. वार ही नुसती अन्न पुरवणारी पिशवी नव्हे. आईच्या रक्तातली काही प्रतिपिंडं ती निवडून बाळाकडे पाठवते, तीही जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे टोचायचं आईला आणि वाचवायचं बाळाला. 1961 साली न्यू गिनीतल्या अभ्यासाने हे सिद्ध झालं. म्हणून तर दोन सुया चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायच्या आणि दुसरी बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी.

1988 साली जगात या रोगाने 7,87,000 नवजात बाळं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे 1985 पासूनच्या सार्वत्रिक लसीकरणात गरोदर बायकांची ही सुई होतीच. जोडीला सुईणींचं प्रशिक्षण आलं, म्हणजे पाच स्वच्छता : हात, जागा, पातं, दोरा आणि नाळेचं टोक. नव्या पात्याची किंमत ती काय! पुढे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि 2015 साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. देवीच्या रोगासारखा हा जगातून जाणार नाही, कारण त्याचं घर माणसात नाही, मातीत आहे. म्हणून सुई चालूच आहे. फक्त पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी देतात, त्यात घटसर्पाचाही बंदोबस्त होतो.