वर्गांतील स्वातंत्र्य आणि शिस्त

शिक्षकाची सत्ता आणि विद्यार्थ्याचें स्वातंत्र्य यांतील तेढ शाळेइतकीच जुनी आहे. पंतोजींच्या शाळेंत तिचा निकाल बहुधा छडीनें लागत असे. पुढें इंग्रजी अमदानींत सरकारी शाळा निघाल्या, छापील पुस्तकें आलीं, बाकें आलीं, तपासणी करणारे अधिकारी आले; परंतु गुरुजींनीं बोलावें व मुलांनीं हाताची घडी घालून ऐकावें, हा क्रम फारसा पालटला नाहीं. वर्ग शांत दिसला म्हणजे शिक्षण चाललें आहे, अशी समजूत घरींदारीं रूढ झाली. ही शांतता मुलाच्या ठायीं उपजते कीं त्याच्यावर लादली जाते, हा प्रश्न थोड्यांनींच विचारला.

या प्रश्नाला निराळें वळण लावणारा एक प्रयोग रोम शहरांत झाला; आणि नवल असें कीं, मुलांस स्वातंत्र्य द्यावें हा त्याचा मूळ हेतु नव्हता. सान लोरेन्झो या गरीब वस्तींतील चाळींची एका संस्थेनें डागडुजी केली होती. आईबाप कामावर गेले म्हणजे मागें राहिलेलीं लहान मुलें नव्या भिंती व जिने खराब करीत. त्यांस एका खोलींत गुंतवून ठेवावें म्हणून ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं तेथें बालगृह उघडण्यांत आलें, व त्याची देखरेख डॉ. मारिया माँटेसरी या वैद्यकशास्त्र शिकलेल्या विदुषीकडे सोंपविली गेली. सुमारें पन्नास मुलें तेथें जमूं लागलीं.

प्रारंभीं खेळण्याचीं व शिकण्याचीं साधनें कपाटांत कुलपाआड असत. शिक्षिका तीं वांटी व पुन्हां गोळा करी. एके दिवशीं ती उशिरां आली. आदल्या दिवशीं कपाट लावावयाचें राहून गेलें होतें. येऊन पाहते तों मुलें कपाटाभोंवतीं जमलेलीं, आणि कांहीं तर आपल्या आवडीचें साधन उचलून नेत असलेलीं! शिक्षिकेस ही चोरी वाटली. माँटेसरीबाईंस मात्र त्यांत मुलांची निवडशक्ति दिसली. कोणती वस्तु कोणत्या कामाची हें मुलांस कळलें आहे, त्या अर्थीं निवडही त्यांचीच असावी, असें त्यांनीं ठरविलें. त्यानंतर मुलांच्या हातास पोंचतील अशीं ठेंगणीं कपाटें तेथें आलीं.

या मोकळिकीला मर्यादा होत्याच. एक साधन एकाच मुलाच्या हातीं असेल, तर दुसऱ्यानें थांबावें. काम संपल्यावर वस्तु जागच्या जागीं ठेवावी. दुसऱ्याच्या कामांत व्यत्यय आणूं नये. सर्वांचें हित जेथें सुरू होतें तेथें एकाचें स्वातंत्र्य संपतें, असें माँटेसरीबाईंचें स्पष्ट मत होतें. म्हणजे शिक्षकाची सत्ता नाहींशी झाली नव्हती. पूर्वीं ती आज्ञेंत असे. आतां ती खोलीच्या रचनेंत, साधनांच्या योजनेंत व शिक्षिकेच्या निरीक्षणांत आली. ‘शांतीचा खेळ’ हें त्याचें उत्तम उदाहरण. सर्व मुलें निश्चल बसत, आणि शेजारच्या खोलींतून कुजबुजल्या स्वरांत ज्याचें नांव येई तें मूल पाय न वाजवितां उठून जाई. जी शांतता छडीनें क्षणभर टिके, ती येथें मुलें आपण होऊन राखीत.

या पद्धतीवर टीकाही झाली. अमेरिकेंतील शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनीं १९१४ सालीं आक्षेप घेतला कीं, साधन कोणतें घ्यावें याची मुभा मुलास आहे. पण तें कसें वापरावें हें आधींच ठरलेलें असल्यानें त्याच्या कल्पनेस वाव थोडा मिळतो. लहानग्यांस परीकथा सांगण्याविषयीं माँटेसरीबाई साशंकच होत्या.

ही उणीव भरून काढण्याचें काम भावनगरास झालें. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. दक्षिणामूर्ति संस्थेंत येऊन त्यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. साधनांस त्यांनीं गोष्ट, गाणें व नाटक यांची जोड दिली. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या कल्पित कथेंतील शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठीं मागून घेतो. वर्षअखेर परीक्षा होईल अशी ताकीद अधिकारी त्याला देतात. पहिल्याच दिवशीं तो शांतीचा खेळ मांडतो आणि साफ फसतो! मुलें चित्रविचित्र आवाज काढूं लागतात, वर्ग हातचा जातो. ज्या मुलांनीं वर्षानुवर्षें केवळ दटावणीच ऐकली, त्यांस मोकळीक मिळतांच प्रथम गोंधळ होणार, हें गिजुभाईंनीं मनमोकळेपणानें दाखविलें. मग तो शिक्षक गोष्ट सांगूं लागतो. गोष्ट पुढें ऐकावयाची म्हणून तींच मुलें नीट बसतात व हजेरीही निमूटपणें देतात. स्वातंत्र्य एका दिवसांत बहाल करतां येत नाहीं, त्याची गोडी लावावी लागते, हें त्या प्रसंगाचें सार आहे.

या कार्यांत १९२३ सालीं ताराबाई मोडक भावनगरास येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार सुरू केला. परंतु शहरांतील सुशिक्षित घरांच्या मुलांपुरतें हें शिक्षण राहिलें तर त्याचें मोल किती, ही रुखरुख त्यांस होती. १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. तेथें अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. महागड्या साधनांच्या जागीं शिंपले, बिया, खडे व पानें आलीं. तरीही हरिजन व आदिवासी वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां शिक्षिकाच त्यांच्या दारीं गेल्या. आंगणांत भरणारी ती शाळा ‘अंगणवाडी’ झाली. १९५७ सालीं काम कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविण्यांत आली.

येथें स्वातंत्र्याच्या प्रश्नाचें मूळ अधिक खोल गेलेलें दिसतें. कपाटांतून कोणती वस्तु घ्यावी ही निवड शाळेंत पोंचलेल्या मुलाची. ज्याला गुरांमागें हिंडावें लागतें, त्याला शाळेंत येण्याचीच मोकळीक नसते. म्हणून वेळ, जागा व साधनें यांवरील आपला हट्ट शिक्षकानें आधीं सोडावा लागला. ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेंतील केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें, आणि तें देशभर पसरलें.

रोमपासून कोसबाडपर्यंतच्या या वाटचालींत शिक्षकाचें काम कोठेंही हलकें झालेलें नाहीं. छडी उगारण्यास एक क्षण पुरतो. मुलास कशाची ओढ आहे हें हेरणें, त्याच्या हातास येईल असें काम मांडणें, आणि तें रमलें म्हणजे आपण बाजूस सरणें, याला मात्र वर्षांचा अभ्यास लागतो. वर्गांत कोण किती बोलतो यावरून तेथील स्वातंत्र्य मोजतां येत नाहीं. शिक्षक घटकाभर बाहेर गेला असतां मुलें काय करतात, यावरून तें कळतें.