हात आधी, डोळे नंतर, मोठा मेंदू सगळ्यात शेवटी : पहिल्या प्रायमेट प्राण्यांनी माणसाबद्दल काय सांगितलं?

मोबाईल तळहातात धरायचा आणि अंगठ्याने स्क्रीन सरकवत राहायची, हे काम दिवसभर चालू असतं. त्यासाठी लागणारी पकड, बोटाच्या टोकाचं मऊ पेर, त्याला मागून आधार देणारं चपटं नख आणि समोर बघणारे दोन डोळे, यातलं काहीच माणसापासून सुरू झालेलं नाही. हे सगळं माणसाच्या कित्येक कोटी वर्षं आधी झाडांवर राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांकडून वारशाने आलंय.

या प्राण्यांच्या गटाला प्रायमेट किंवा नरवानर गण म्हणतात. लेमूर, लोरिस, टार्सियर, माकडं, गिबन-ओरांगउटान-गोरिला-चिंपांझी यांसारखे बिनशेपटीचे कपी आणि माणूस, हे सगळे याच गटातले.

"मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?"

उत्क्रांतीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पण आजच्या माकडांपासून माणूस झाला, असं विज्ञान म्हणतच नाही. चिंपांझी आपला पूर्वज नाही, तो आपला चुलतभाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. आणखी मागे गेलं की माकडं, मग टार्सियर, मग लेमूर यांच्या फांद्या त्याच झाडाला येऊन मिळतात. खोडाजवळ काय होतं, हे सांगतात ते सर्वांत जुने जीवाश्म.

आधी पकड आली

६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर लघुग्रह आदळला आणि पक्षी सोडून सगळे डायनासोर संपले. त्यानंतर एक-दोन लाख वर्षांतच अमेरिकेतल्या मोंटाना भागात 'पर्गेटोरियस' नावाचा छोटासा प्राणी वावरत होता. १९६५ साली त्याला हे नाव मिळालं, ते तिथल्या पर्गेटरी हिल या टेकडीवरून. बरीच वर्षं त्याचे फक्त दात आणि जबड्याचे तुकडे माहीत होते. २०१५ साली त्याच्या घोट्याच्या हाडांचं वर्णन प्रसिद्ध झालं. घोटा सगळीकडे सहज वळणारा होता, म्हणजे हा प्राणी झाडांवर राहणारा. त्याला खरा प्रायमेट म्हणावं की प्रायमेटांचा अगदी जवळचा नातेवाईक, यावर मतभेद आहेत.

पुढचा महत्त्वाचा दुवा वायोमिंगमध्ये मिळाला. साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या 'कार्पोलेस्टिस'चा सांगाडा २००२ साली जगासमोर आला. त्याच्या पायाचा अंगठा इतर बोटांच्या समोर येऊन फांदी पकडू शकत होता आणि त्या अंगठ्याला नखीऐवजी चपटं नख होतं. डोळे मात्र अजून बाजूलाच होते.

यामुळे एका जुन्या वादाला नवं वळण लागलं. मॅट कार्टमिल यांचं म्हणणं होतं, की किडे टिपण्यासाठी डोळे समोर आले आणि हातांना पकड आली. रॉबर्ट ससमन यांच्या मते बारीक फांद्यांच्या टोकाशी असलेली फुलं-फळं गाठण्यासाठी हे बदल झाले. कार्पोलेस्टिसने दाखवलं की दोन्ही गोष्टी एकदम आल्या नसाव्यात. आधी पकड आली आणि डोळे नंतर समोर आले.

गुजरातच्या खाणीतली हाडं

साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास खरे प्रायमेट दिसू लागतात. चीनच्या हुबेई प्रांतातला 'आर्किसेबस' फक्त २० ते ३० ग्रॅम वजनाचा होता. २०१३ साली त्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा प्रसिद्ध झाला. पाय टार्सियरसारखे, पण टाच माकडांसारखी. याचा अर्थ आपली फांदी लेमूरांपासून तोवर वेगळी झाली होती.

याच काळातली हाडं सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीत मिळाली. साधारण ५.४५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग आशियाला धडकण्याच्या बेतात होता किंवा नुकताच धडकला होता. २०१६ साली भारतीय आणि परदेशी संशोधकांनी इथल्या हातापायांच्या २५ हाडांचा अभ्यास मांडला. दोन्ही फांद्या नुकत्याच फुटल्या असताना प्रायमेट कसे दिसत असतील, याचा अंदाज या हाडांवरून येतो.

'हरवलेला दुवा' का सापडत नाही?

२००९ साली जर्मनीतल्या मेसेल खाणीतली 'इडा' जगभर गाजली. ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा हा जीवाश्म इतका पूर्ण होता की पोटातलं शेवटचं खाणंही ओळखता आलं. माणसाचा हरवलेला दुवा सापडला, अशा बातम्या झळकल्या. काही महिन्यांतच इतर संशोधकांनी दाखवून दिलं की इडाचं नातं आपल्यापेक्षा लेमूरांशी जवळचं आहे. जीवाश्म अस्सल होता, फसला होता तो गाजावाजा. माणूस एका उडीत घडलेला नसल्यामुळे तसा एकच दुवा असूही शकत नाही.

शरीरात उरलेल्या खुणा

बहुतेक सस्तन प्राणी 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. टार्सियर, माकडं, कपी आणि माणूस यांच्या फांदीत त्यासाठी लागणारं जनुक फार पूर्वी बिघडलं. फळं-पानं खाणाऱ्यांचं त्यावाचून अडलं नाही. पण महिनोन्‌महिने ताजं अन्न न मिळालेले खलाशी स्कर्व्हीने मेले, त्यामागे हाच जुना बिघाड होता.

लाल-हिरवा फरक ओळखणारी नजर आफ्रिका-आशियातली माकडं, कपी आणि माणूस यांच्या समान पूर्वजात आली. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि तिच्यात थोडा बदल झाला. पुरुषांकडे एक्स गुणसूत्र एकच असतं, म्हणून रंगांधळेपणा त्यांच्यात जास्त दिसतो.

शेपूट गेली ती सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, कपींमध्ये. माणसाच्या गर्भाला मात्र पहिल्या काही आठवड्यांत आजही छोटी शेपटी असते आणि आठव्या आठवड्यापर्यंत ती नाहीशी होते. नवजात बाळ तळहाताला लागलेलं बोट घट्ट धरतं. ही पकड आईच्या केसांना लटकणाऱ्या पिलांची आठवण मानली जाते.

आणि मेंदू? इजिप्तच्या फयूम भागातला 'इजिप्टोपिथेकस' सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा, माकड आणि कपी या दोघांच्या मुळाशी असलेला. त्याचे डोळे समोर होते. २००७ साली त्याच्या मादीच्या कवटीचा अभ्यास झाला, तेव्हा मेंदू अपेक्षेपेक्षा खूपच लहान निघाला. मोठा मेंदू ही अगदी अलीकडची भर आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टी केवळ हाडांवरून कळल्या नसत्या. 'क' जीवनसत्त्वाचं जनुक आपल्या फांदीत बिघडलं हे समजलं, कारण ते शाबूत असलेले लेमूर अजून जिवंत आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०२० सालच्या यादीनुसार लेमूरांच्या १०७ पैकी १०३ प्रजाती धोक्यात आहेत. त्या गेल्या, तर आपल्याच घराण्याच्या इतिहासातली बरीच पानं वाचायच्या आधीच फाटलेली असतील.