धक्क्याला लागताना

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. चांदूर बाजाराशी घोळ होऊ नये म्हणून कुणीतरी हे शेपूट लावलं आणि तेव्हापासून आम्ही चांदूर रेल्वेवाले. समुद्र आमच्यापासून रुळांच्या वाटेने सुमारे सातशे किलोमीटर. पाणी म्हणाल तर मालखेडचा तलाव आणि नगरपरिषदेचा नळ, तोही आला तर. तेव्हा मी, म्हणजे बँकेतला एक बी. कॉम. कारकून, शिडाची बोट अरुंद जागेत धक्क्याला कशी लावतात यावर लिहायला बसलोय, हे कळताच आमच्या सौ.ने एवढंच विचारलं, "आधी स्कूटर तर नीट लावा!"

टोमणा रास्त आहे. बँकेपुढे दोन मोटरसायकलींच्या मधात स्कूटर घालताना मी आजवर तीन आरसे आणि एका खातेदाराची मैत्री गमावली आहे. पण स्कूटरला ब्रेक असतो. बोटीला नसतो. हे सगळं शास्त्र त्या न लावलेल्या ब्रेकमधून निघालंय.

मला ते कळलं एका तांडेलकाकांमुळे. माझी बदली कोकणात खाडीकाठच्या एका शाखेत झाली होती. काका दर महिन्याला पासबुक भरायला यायचे, आणि पासबुक छापायचं यंत्र दर महिन्याला बंद असायचं. मग काका काउंटरवर कोपर टेकून मला समुद्र शिकवायचे. "साहेब, बोट चालवूक कोण पण शिकता. थांबवूक शिकाक जन्म जाता." सुकाणू चालतं ते त्याच्या अंगावरून पाणी वाहत असेल तेव्हाच. वेग ठेवला तर बोट धक्क्यावर आपटते. वेग सोडला तर सुकाणू ऐकत नाही. म्हणून वाऱ्याच्या किंवा ओढीच्या, ज्याचा जोर जास्त त्याच्या, तोंडावर यायचं. तोच ब्रेक. जागा फारच अडचणीची असेल तर बाहेर नांगर टाकायचा आणि त्याचा दोर हळूहळू सोडत मागे धक्क्याला टेकायचं. निघताना तोच दोर ओढून बाहेर पडायचं. आणि दोर बांधताना ओहोटीचा हिशेब ठेवायचा, नाहीतर पाणी खाली जातं आणि बोट धक्क्याला टांगलेली राहते.

वारा पडला आणि जागा नसली तर मोठ्या जहाजाने काय करायचं? याचं उत्तर आंग्र्यांच्या आरमाराने देऊन ठेवलंय. त्यांच्या गुराबा मोठ्या, दोन-तीन डोलकाठ्यांच्या, तोफांनी लादलेल्या. गलबतं लहान, पण त्यांना वल्ही. वारा नसला की गलबतं दोर लावून गुराबांना ओढत न्यायची. आमच्या शाखेतसुद्धा साहेबांना कोण ओढून नेतं, ते मी इथे लिहीत नाही.

विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत आत गेलं की कातळ फोडून केलेली मराठ्यांची जुनी गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला त्याची डागडुजी करायची. पण जहाजं दाटीने उभी करण्यात काय धोका असतो, तेही याच विजयदुर्गाने दाखवलं. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून आले. समुद्रातून अॅडमिरल वॉटसनचा ताफा, सोबत क्लाइव्ह. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. एक गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज इंग्रजांचंच, आंग्र्यांनी पूर्वी धरून आणलेलं. ते पेटलं आणि त्याला बांधलेली बाकीचीही पेटली. ज्या आरमाराला पश्चिम किनारा चळाचळा कापत असे, ते उभ्या जागी जळून गेलं. आम्ही बँकेत याला सामूहिक जामीन म्हणतो. आणि पेशव्यांना ही आग आपल्या घरची वाटली नाही, याचं मला त्या गोदीच्या काठावर उभा असताना जेवढं वाईट वाटलं, तेवढं शाळेत इतिहासाच्या तासाला कधी वाटलं नव्हतं.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, म्हणून गलबतं बाहेर नांगरायची आणि माल मचव्यांनी काठाला आणायचा. माणसांसाठी धक्का बांधला तो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी, १८४१ च्या सुमारास. लोक त्यांना भाऊ रसूल म्हणत, म्हणून तो भाऊचा धक्का. हे भाऊ कुलाब्याला तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते! आमच्या जातीचा माणूस एवढं बांधून गेला, हे वाचून मी त्या दिवशी डबासुद्धा दोन पोळ्या जास्त खाल्ला. पुढे १८७५ ला ससून डॉक आणि १८८० ला प्रिन्सेस डॉक झाला.

आता तो दिवस. २०१६ साली बाबा कोकणात माझ्याकडे आले. बाबा रेल्वेतून निवृत्त. उभा जन्म शंटिंगमध्ये गेलेला. तांडेलकाका म्हणाले, खाडीतून विजयदुर्ग दाखवतो. निघालो, आणि परतीच्या वाटेवर इंजिनाने मान टाकली. काकांनी शांतपणे तळातून शीड काढलं. दुपारचा वारा समुद्रावरून खाडीत शिरत होता आणि ओहोटीचं पाणी समुद्राकडे चाललं होतं. धक्क्यावर दोन ट्रॉलर उभे. त्यांच्या मधात आमची होडी आणि वर दोन-तीन हात, एवढीच जागा.

काकांनी होडीची नाळ ओढीच्या तोंडावर वळवली. मागून वारा, पुढून पाणी. शीड एवढंसं उघडं ठेवलं, जेवढ्याने होडी पुढे जाणार नाही आणि मागेही येणार नाही. होडी जागच्या जागी उभी होती आणि पाणी मात्र सुकाण्यावरून धावत होतं.

बाबा म्हणाले, "म्हंजे गाडी उभी अन् फलाट चालला!"

मग काकांनी नाळ जराशी धक्क्याकडे तिरपी केली. होडी आडवी सरकू लागली, एखादं जड कपाट दोघांनी ढकलावं तशी. दोन हात राहिले, एक हात राहिला. शीड खाली आलं. आधी नाळेचा दोर गेला, कारण ओढ पुढून होती. तेवढ्यात मागून लाट आली आणि होडीचं शेपूट दगडाकडे झेपावलं. आणि मी? स्कूटर भिंतीला लागू नये म्हणून जे मी आयुष्यभर केलं, तेच केलं. पाय बाहेर काढून धक्क्याला लावला.

"पाय घेवा मागे!" काका ओरडले. मी वाक्य समजून घेईपर्यंत बाबांनी माझी कॉलर धरून मला मागे फेकलं होतं. सत्तरीचा माणूस! मी टोपल्यांवर जाऊन पडलो. माझी डावी चप्पल तेवढी फटीत गेली.

होडी टेकली. काथ्याच्या जुड्यांवर टेकली, पण टेकण्याचा जो आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. काकांनी मागचा दोर आणि मग दोन तिरपे दोर बांधले, एक पुढे ओढणारा, एक मागे. बाबांनी ते चारही दोर बारकाईने पाहिले आणि रेल्वेतला हिरव्या झेंडीचा हात केला. "भाऊ, कपलिंग मस्त केलं," एवढंच बोलले. माझ्याकडे बघितलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या जोडीला एक जण होता, यार्डात. दोन डब्यांच्या मधात गेला, बफर टेकले. बाबांनी तेव्हाही कॉलर धरायला हात पुढे केला होता. "तवा मी हातभर दूर होतो," ते म्हणाले आणि भात कालवू लागले. चाळीस वर्षांत ही गोष्ट घरात कुणी ऐकली नव्हती. आईनेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी बांबूने चप्पल काढून दिली. पापडासारखी चपटी, अंगठा तुटलेला. बाबांनी ती नळाखाली धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घालून चांदूरला आणली. आई दर दिवाळीला झाडझूड करताना विचारते, हे काय ठेवलं, फेकू का? बाबा म्हणतात, "राहू दे तिथंच."