अपेक्षात्याग (ख्रिस्ती विवेकसाधनेतील)

ईश्वराची इच्छा ओळखू पाहणाऱ्या ख्रिस्ती साधकाच्या मनात, निर्णय अमुक बाजूनेच व्हावा अशी जी ओढ आधीपासून ठाण मांडून बसलेली असते, ती सैल करून दोन्ही बाजूंस सारखाच कौल देता येईल इतके मन मोकळे करणे म्हणजे अपेक्षात्याग. या वृत्तीचे मूळ शुभवर्तमानांतील गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत आहे. तेथे येशूने दुःखाचा प्याला टळावा ही इच्छा लपविली नाही, उघड बोलून दाखविली आणि मग पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केली. तिची पद्धतशीर मांडणी मात्र बास्क मुलखातील लोयोलाच्या सरदार घराण्यात जन्मलेले येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस (सु. १४९१–१५५६) यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात केली. मानरेसा येथील १५२२–२३ मधील एकांतवासात या ग्रंथाची टिपणे सुरू झाली आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्यास मंजुरी दिली.

ग्रंथाच्या आरंभीच्या ‘मूलतत्त्व आणि अधिष्ठान’ या प्रकरणात आरोग्य आणि आजार, संपत्ती आणि दारिद्र्य, मान आणि अपमान, दीर्घायुष्य आणि अल्पायुष्य या जोड्यांपैकी एकीचीही निवड साधकाने आपल्यापुरती आधी करून ठेवू नये, असे सांगितले आहे. ही इच्छांची हत्या नव्हे, हे येथे आग्रहाने नमूद केले पाहिजे. कारण याच ग्रंथात प्रत्येक ध्यानाच्या प्रारंभी आपल्याला काय हवे ते ईश्वराजवळ मागावे असा स्पष्ट नियम आहे, आणि ज्याला काहीच नको त्याला हा नियम पाळताच येणार नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोलिनोस या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या शिकवणीतून आत्म्याच्या संपूर्ण निष्क्रियतेचा पुरस्कार होऊ लागला, तेव्हा १६८७ मध्ये रोमने ती निषिद्ध ठरविली. तिच्यात आणि इग्नेशियस यांच्या वृत्तीत फरक आहे तो नेमका येथेच.

मनाची ही मोकळीक किती दुर्मीळ आहे, हे ग्रंथातील तीन प्रकारच्या माणसांच्या मननातून ध्यानात येते. तिघांनाही दहा हजार डुकाटांची रक्कम मिळाली आहे आणि तिघांनाही तिच्या मोहातून सुटायचे आहे. पहिला मरेपर्यंत काहीच करीत नाही, दुसरा रक्कम हाताशी ठेवून ईश्वरालाच आपल्या मताकडे ओढू पाहतो, आणि तिसरा रक्कम ठेवावी की सोडावी याचाही निकाल आधी लावीत नाही. रक्कम तत्काळ दान करणारा मनुष्य येथे आदर्श म्हणून पुढे येत नाही, ही गोष्ट वाचकास चकित करते; परंतु त्यागाचा हट्ट हाही हट्टच, हे ज्याला उमगले त्यालाच ती पटेल.

स्वतः इग्नेशियस यांना हा धडा जेरुसलेमने शिकविला. १५२३ मध्ये पुण्यभूमीतच उर्वरित आयुष्य घालवावे असा दृढ संकल्प करून ते तेथे पोहोचले, आणि पवित्र स्थळांची देखभाल करणाऱ्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी, न गेल्यास धर्मबहिष्काराची धमकी देऊन, त्यांना परत पाठविले. ज्या फर्मानाच्या आधारे हा अधिकार चालविला गेला ते पाहण्याचीही गरज इग्नेशियस यांना वाटली नाही. आपण येथे राहावे अशी ईश्वराची इच्छा नाही एवढे जाणून ते परत फिरले. पुढे १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सहा सोबत्यांसह त्यांनी पुन्हा जेरुसलेमचीच शपथ घेतली, परंतु या वेळी तीत एक कलम होते: व्हेनिसहून वर्षभराच्या मुदतीत जाता न आल्यास आपली सेवा पोपच्या स्वाधीन करावी. १५३७ मध्ये तुर्कांशी युद्ध पेटले, यात्रेकरूंचे जहाज निघालेच नाही, आणि ते कलम अमलात आले. याच मंडळींपैकी बोबाडिया यांची हिंदुस्थानाकरिता नेमणूक झाली असता ते आजारी पडले व त्यांच्या जागी फ्रान्सिस झेवियर यांस अल्पावधीच्या सूचनेवर रोम सोडावे लागले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. गोव्याच्या धर्मेतिहासातील एवढे मोठे प्रकरण अशा बदली नेमणुकीतून सुरू झाले आहे.

सामूहिक निर्णयात हीच वृत्ती कशी राखावी, याचा दस्तऐवज १५३९ सालचा आहे. आपल्यापैकी एकाची आज्ञा पाळण्याचे व्रत घ्यावे की नाही, या प्रश्नावर या सोबत्यांनी रोममध्ये अनेक आठवडे विचार केला. प्रत्येकाने आपण या मंडळीत कधीच सामील होणार नाही, जणू परकाच आहोत असे समजून विचार करावा आणि एकमेकांचे मन वळविण्याचा प्रयत्न करू नये, असे ठरले; मग एके दिवशी सर्वांनी व्रताविरुद्धची कारणे मांडावी आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनीच त्याच्या बाजूची, अशी तजवीज होती. आपल्या मताविरुद्धची बाजू आपल्याच तोंडाने मांडावी लागल्यावर अपेक्षेची पकड आपोआप ढिली होते. निर्णय व्रताच्या बाजूने झाला, आणि २७ सप्टेंबर १५४० रोजी पोपच्या सनदेने येशूसंघ अस्तित्वात आला.

तथापि अपेक्षात्यागाचे सर्वांत सूक्ष्म रूप इग्नेशियस यांच्या खासगी रोजनिशीत आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयाच्या अभ्यासकाने प्रथम तीच वाचावी. संघाच्या काही मठांतील देवळांना कायम उत्पन्न असावे की नसावे, या प्रश्नावर २ फेब्रुवारी १५४४ पासून सुमारे चाळीस दिवस ते रोज प्रार्थनेत व मिस्सेत आपला कौल ईश्वरापुढे ठेवीत होते. अश्रू आले की नाही, कोणत्या क्षणी आले, याची नोंद ते बारकाईने करीत. उत्पन्न नसावे हा निर्णय लवकरच स्पष्ट झाला होता, अर्पणही झाले होते. तरी वरून खात्रीची खूण यावी म्हणून ते प्रकरण पुनःपुन्हा उघडीत, आणि खूण न आल्यास प्रत्यक्ष त्रैक्यावर खट्टूही होत. १२ मार्च रोजी मन पूर्णतः शुष्क झाले असता त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला आता निर्णयाविषयी शंका नाही. आपल्याला हवा आहे तो केवळ आपल्या आवडीचा, गोड शेवट. उत्पन्नाचा मोह त्यांनी केव्हाच सोडला होता. हा मोह मात्र साधुत्वाच्या वेषात आला होता म्हणून इतका काळ ओळखू आला नाही. त्याच दिवशी, हाही मोह सोडून देऊन, त्यांनी विषय संपविला.

साधना देणाऱ्या मार्गदर्शकासही हा नियम लागू आहे. ग्रंथाच्या पंधराव्या सूचनेनुसार साधनाकाळात त्याने साधकास संन्यासाकडे किंवा संसाराकडे झुकवू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यावर राहावे आणि निर्मात्याचा त्याच्या जिवाशी थेट व्यवहार होऊ द्यावा. साधनेबाहेर योग्य व्यक्तीस व्रतस्थ जीवनाचा उपदेश करण्याची मुभा त्याच सूचनेत आहे. परंतु निवडीचे दिवस चालू असताना मार्गदर्शकाचे सद्हेतूही तहकूब ठेवावे लागतात.