बांबूचा परवाना आणि कार्डाची किल्ली

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या हक्कात गौण वनोपज आले, आणि २००६ च्या या कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचे नाव स्वच्छ लिहून ठेवले आहे. तरीही पुढची जवळपास दोन वर्षे गावाला आपलाच बांबू राजरोस बाहेर नेऊन विकता येईना. जंगलातला माल रस्त्यावर आणायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचे पुस्तक होते वनविभागाकडे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांच्या यादीत बसवलेले, त्यामुळे विभागाच्या लेखी बांबू म्हणजे लाकूडच. तोडायचा हक्क गावाचा, नाक्यापलीकडे न्यायची मुभा मात्र दुसऱ्याची. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला, तेव्हा कुठे कागदावरचा हक्क गाडीत भरता आला.

लिनक्ससारख्या मुक्त स्रोत प्रणालीवर खेळ खेळायचे तर कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे, या प्रश्नाचा इतिहास नीट वाचला तर तो याच पेचाचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे. या निवडीची चर्चा नेहमी वेगावर आणि किमतीवर होते. पण गेल्या पंचवीस वर्षांत कोणते कार्ड टिकले आणि कोणते निकामी झाले, हे पाहिले की निर्णय वेगाने केलेला दिसत नाही. कार्डाची माहिती कोणाकडे होती, आणि ती माहिती वापरायची परवानगी कोणाच्या खिशात होती, यावर सारे ठरले. वनहक्क आणि ड्रायव्हर यांची सांगड ओढूनताणून घातलेली वाटेल. त्या आक्षेपाकडे पुढे येतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हा पेच नवा नाही. हा मुलूख मध्य प्रांतात होता; १९५० च्या कायद्याने तिथली जमीनदारी संपली आणि जमीनदारांकडचे जंगल सरकारजमा झाले. निस्तार, म्हणजे घरापुरते लाकूड, बांबू, चराई, हे लोकांना सवलत म्हणून उरले. हक्क म्हणून नव्हे. त्याच काळात बल्लारपूरची कागद गिरणी उभी राहिली आणि या जंगलांतला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी तिच्याकडे जाऊ लागला. टोपली विणणाऱ्याला बांबू मोजून मिळे आणि गिरणीला ट्रकांनी. मेंढ्याने या तोडीला विरोध केला, पण नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बरोबरीने गावाने अभ्यासगट चालवले: कायदा वाचायचा, जंगल मोजायचे, आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा. २००६ चा कायदा आला तेव्हा तो वापरायची तयारी या गावाकडे आधीपासून होती. ही तयारीची गोष्ट लक्षात ठेवावी. ड्रायव्हरच्या इतिहासात ती पुन्हा भेटते.

ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्राम. कार्डाच्या आत हजारो नोंदकप्पे असतात; कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला की त्रिकोण रंगतो, कोणता लिहिला की पंखा जोरात फिरतो, हे ज्याला ठाऊक तोच ड्रायव्हर लिहू शकतो. ही माहिती कंपनीकडे असते आणि ती द्यावी की नाही हे कंपनी ठरवते. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि घरच्या संगणकावर त्रिमितीय खेळ सुरू झाले. तिची ग्लाइड ही प्रणाली बंदिस्त होती. लिनक्सवर ती एका प्रोग्रामरने कंपनीच्या संमतीने आणली. १९९९ च्या अखेरीस कंपनीने ग्लाइडचा स्रोत खुला केला आणि वर्षभरात कंपनीच मोडीत निघाली. मालमत्ता एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीने घेतली. पण माहिती बाहेर आलेली असल्याने मेसा या मुक्त ग्राफिक्स संचातला तिच्या कार्डांचा ड्रायव्हर त्यानंतर दहा वर्षे वापरात होता. कंपनी गेल्यावरही कार्ड चालत राहिले, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

यानंतरच्या दशकात मात्र माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा पुरावा आहे आणि तो झाकून चालणार नाही. २००० च्या सुमारास एनव्हिडियाने लिनक्ससाठी स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर द्यायला सुरुवात केली आणि तो चांगला होता. विंडोजच्या ड्रायव्हरशी त्याचा बराच भाग सामाईक, त्यामुळे वेग जवळपास तेवढाच. दुसरी कार्ड-कंपनी एटीआय हिचा बंदिस्त ड्रायव्हर त्या मानाने रडतखडत चाले. त्या काळी लिनक्सवर खेळणाऱ्याला जाणकार सांगत, एनव्हिडिया घे. आणि तो सल्ला बरोबर होता. बंदिस्त म्हणजे वाईट आणि खुले म्हणजे चांगले, असे सरळ समीकरण इतिहास मांडू देत नाही. खुलेपणाचे मोल विकत घेतलेल्या दिवशी दिसत नाही. पाच-सात वर्षांनी, कंपनीचे लक्ष नव्या मालाकडे वळल्यावर दिसते.

वळण आले २००६-०७ मध्ये. एएमडी या कंपनीने एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर केले की कार्डांची कागदपत्रे प्रसिद्ध करू आणि खुल्या ड्रायव्हरला मदत करू. इंटेलचे ड्रायव्हर आधीच खुले होते, पण तिच्या चिप खेळासाठी दुबळ्या. दुसऱ्या बाजूला एनव्हिडियाच्या कार्डांसाठी काही स्वयंसेवकांनी नूव्हो हा ड्रायव्हर कागदपत्रांशिवाय लिहायला घेतला. त्यांची पद्धत जवळून पाहण्याजोगी आहे. बंदिस्त ड्रायव्हर चालू करायचा, तो कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहितो त्याची सगळी नोंद घ्यायची. मग चित्रातली एकच गोष्ट, समजा एका त्रिकोणाचा रंग, बदलून पुन्हा नोंद घ्यायची आणि दोन नोंदींत काय बदलले ते शोधायचे. अशा हजारो तुलनांतून चिपची भाषा उलगडत गेली आणि २०१० मध्ये नूव्हो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दाखल झाला. जिद्दीचे असे काम संगणकाच्या इतिहासात फार थोडे आहे.

आणि इथेच परवान्याची गोष्ट येते. २०१४ च्या सप्टेंबरात आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने चिपमध्ये अशी सोय केली की आतले महत्त्वाचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतच चालणारा प्रोग्राम, कंपनीच्या सहीचे असेल तरच चिप ते स्वीकारेल. सही डिजिटल, किल्ली कंपनीकडे. काही सहीचे फर्मवेअर कंपनीने नूव्होला दिले, त्यामुळे चित्र उमटू लागले. पण चिपचा वेग आणि वीज सांभाळणारे फर्मवेअर दिले नाही. परिणाम असा की संगणक सुरू होताना कार्ड ज्या मंद गतीवर असते, त्याच गतीवर अडकून राहिले. ड्रायव्हर लिहायला कोणी बंदी केली नव्हती, चिपची भाषाही बरीच कळली होती; फक्त कार्डाला पळवण्याचा परवाना नव्हता. त्याआधीच्या ६०० आणि ७०० मालिकांत नूव्हो गती हाताने वाढवू शके, म्हणजे कमतरता कौशल्याची नव्हती. मेंढ्याचा बांबू तोडून पडलेला आहे आणि नाका ओलांडता येत नाही, तीच ही अवस्था.

एएमडीकडे परवाना मालाबरोबरच येतो. यावर जाणकार हटकतील: एएमडीच्या कार्डांनाही बंदिस्त फर्मवेअर लागतेच की. खरे आहे. ते फर्मवेअर उघडून पाहता येत नाही आणि शुद्ध मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्यांना ते मान्य नाही. पण ते कोणालाही वाटायला मोकळे आहे, लिनक्सच्या बहुतेक वितरणांत आधीपासून असते, आणि त्याने कार्ड पूर्ण गतीने चालते. बंद डबा असणे वेगळे आणि डबा देण्यासच नकार असणे वेगळे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा अडथळा मोठा आहे, आणि माझे सारे म्हणणे त्यावर उभे आहे.

माहिती बाहेर आली की काय होते याचा उत्तम दाखला २०१६ चा आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत वल्कन ही नवी ग्राफिक्स भाषा आली. एएमडीने आपला वल्कन ड्रायव्हर खुला करण्याचे आश्वासन दिले, पण तो येईना. तेव्हा डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या दोघांनी, कंपनीबाहेर राहून, कागदपत्रे आणि इंटेलच्या खुल्या ड्रायव्हरचा आराखडा घेऊन आरएडीव्ही हा ड्रायव्हर उभा केला. एएमडीचा स्वतःचा खुला ड्रायव्हर २०१७ च्या डिसेंबरात आला, तोवर लोक या दोघांच्या ड्रायव्हरवर खेळू लागले होते. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन आणले, त्यातले डायरेक्टएक्सचे वल्कनमध्ये भाषांतर करणारे डीएक्सव्हीके हेही एका व्यक्तीने सुरू केलेले काम. आणि व्हॉल्व्हने आरएडीव्हीवर माणसे लावली. व्हॉल्व्हचे २०२२ चे स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र एएमडीच्या चिपवर आले. अखेर २०२५ मध्ये एएमडीने आपला वेगळा ड्रायव्हर थांबवून बाहेरच्यांनी सुरू केलेल्या आरएडीव्हीलाच आपले मानले. गडचिरोलीत ज्याला अभ्यासगट म्हणतात तेच इथे घडले: कागद मिळाला म्हणून काम झाले, पण तो वाचणारी तयारीची माणसे होती म्हणूनच.

आता सांगड घालण्यावरचा आक्षेप. जंगल हे पोटापाण्याचे, ग्राफिक्स कार्ड करमणुकीचे. दोन्ही एका ओळीत बसवणे गावाच्या लढ्याला हलके करणे नव्हे का? दोन गोष्टींचे वजन सारखे आहे असे मी म्हणत नाही. बांबू अति तोडला तर संपतो, प्रोग्रामची प्रत काढल्याने काही संपत नाही. त्यामुळे ग्रामसभेला जे राखणीचे नियम करावे लागतात ते मेसाला करावे लागत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि वणवे लागतात. हा विवेक संगणकाच्या जगात शोधून सापडणार नाही. सारखेपणा फक्त एका ठिकाणी आहे, पण तो नेमका आहे: हक्क आणि त्याचा वापर यांच्या मधोमध बसलेला परवाना. मेंढ्याच्या अनुभवावरून हे ओळखायला शिकता येत असेल तर त्यात गावाचा मानच आहे.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक. एनव्हिडिया आता बदलली नाही का? बदलली आहे. मे २०२२ मध्ये तिने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. टुरिंग, म्हणजे २०१८ पासूनच्या कार्डांत असलेल्या वेगळ्या नियंत्रक प्रोसेसरचे सहीचे फर्मवेअरही वाटायला मोकळे केले. त्यामुळे नूव्होला २०२४ च्या सुरुवातीपासून या कार्डांची गती वाढवता येते आणि मेसामध्ये एनव्हीके हा खुला वल्कन ड्रायव्हर वाढतो आहे. कंपनीच्या ड्रायव्हरचा वरचा भाग अजून बंदिस्त आहे, पण बंदिस्त ड्रायव्हरही आज चांगला चालतो, आणि रे ट्रेसिंग किंवा डीएलएसएस ही नवी वैशिष्ट्ये हवी असतील तर तोच घ्यावा लागतो. नवे कार्ड घेणाऱ्याने एनव्हिडिया घेतले तर तो चुकला असे मी म्हणणार नाही. वल्गना दुसऱ्या बाजूनेही होऊ नये: खुल्या ड्रायव्हरमुळेच एएमडीचे एक नुकसान झाले आहे. एचडीएमआय २.१ या पडदा-जोडणीच्या मानकाचे तपशील खुल्या स्रोतात येतील म्हणून ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीला नकार दिला. आणि व्हॅलोरंटसारखे खेळ लिनक्सवर कोणत्याच कार्डाने चालत नाहीत, कारण त्यांची फसवणूकविरोधी यंत्रणाच ते होऊ देत नाही. तिथे नाका कार्डाच्या कंपनीचा नसून खेळाच्या कंपनीचा आहे.

कायद्याच्या बाजूला नाका पुढे बराच मागे सरला. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले आणि २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. कार्डांच्या जगात एनव्हिडियाच्या मागच्या मालाला असा दिलासा मिळालेला नाही, आणि जुने कार्ड घेणाऱ्याला त्याची झळ बसते. एनव्हिडियाचे २०१६ चे जीटीएक्स १०६० आणि एएमडीचे २०१७ चे आरएक्स ५८० ही त्या काळची तोडीस तोड कार्डे. एनव्हिडियाने ५८० क्रमांकाची ड्रायव्हर मालिका ही १०६० च्या पिढीसाठी शेवटची ठरवली आहे; या कार्डांत तो नवा नियंत्रक प्रोसेसर नाही, म्हणून कंपनीचा खुला कर्नल भाग त्यांना लागू पडत नाही. एनव्हीकेने त्यांना वल्कन दिले, पण गतीची किल्ली अजून कंपनीकडेच. आरएक्स ५८० मात्र साध्या लिनक्समध्ये, वेगळे काहीही न उतरवता, पूर्ण गतीने चालते आणि मेसाच्या नव्या आवृत्त्या त्यालाही मिळतात. एएमडीच्या २०१२ च्या कार्डांना नव्या ड्रायव्हरवर नेण्याचे काम तर २०२५ मध्येही चालू होते, आणि ते करणारा माणूस एएमडीचा नव्हता. ज्याला एकच कार्ड सात-आठ वर्षे वापरायचे आहे आणि तेही बहुधा आधी कोणी वापरलेले, त्याने या दोघांतून आरएक्स ५८० घ्यावे. नव्यात एनव्हिडियाच हवे असेल तर टुरिंग किंवा त्याच्या अलीकडचे कोणतेही चालेल, पलीकडचे नको.