अर्ध्या मिशीची पैज

परवा कट्ट्यावर मी पुन्हा एकदा पैज हरलो. गावातल्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत माझा अंदाज साफ चुकला आणि सात जणांची मिसळ माझ्या खिशातून गेली. जादा पाव वेगळे. वर मित्रांचं सुरू, "पत्रकारसाहेब, अंदाज बातमीतच द्या, मैदानावर नको." हरलो खरा, पण त्या दिवशीइतकं पोट धरून बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो.

घरी येताना मनात आलं, या पैजेवर कधी कुणी नीट लिहीत नाही. सट्ट्यावर बातम्या होतात, धाडी पडतात, मीही छापल्यात. पण "लागली का मिसळ?" ही जी आपली साधी पैज, तिलाही इतिहास आहे. आज तो सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात आमच्या गल्लीपासून. साल १९८३. मी तेव्हा पाळण्यात होतो, पण हा किस्सा वडिलांकडून इतक्या वेळा ऐकलाय की मी तिथे हजर होतो असंच वाटतं. गल्लीत एक शिंपीकाका होते, झुपकेदार मिशीचे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत आणि वेस्ट इंडीज आले. काका म्हणाले, "आपली पोरं जिंकली तर अर्धी मिशी काढून देईन." वडील म्हणाले, "हरली तर पंधरा दिवस सगळ्या कट्ट्याचा चहा माझ्याकडे."

काकांचं गणित चुकीचं नव्हतं बरं का. आधीच्या दोन विश्वचषकांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. आणि वेस्ट इंडीज दोन्ही वेळचे विजेते. २५ जूनला लॉर्ड्सवर भारत १८३ धावांत आटोपला, तेव्हा काका मिशीवर ताव देत फिरत होते म्हणे. रात्री रेडिओवर वेस्ट इंडीज १४० धावांत बाद झाल्याचं कळलं. मोहिंदर अमरनाथने १२ धावांत ३ बळी घेतले आणि आपण ४३ धावांनी जिंकलो. दुसऱ्या दिवशी काका स्वतःच्या पायांनी न्हाव्याकडे गेले. अर्धी मिशी काढली आणि तसेच दिवसभर दुकानात मशीनवर बसले. आसपासच्या गावांतून माणसं कापड शिवायच्या निमित्ताने येऊन बघून गेली. काका नंतर सांगायचे, "त्या आठवड्याइतकी गिऱ्हाइकी पुन्हा कधी झाली नाही."

आता गंमत बघा. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्येही असाच एक शिंपीकाका निघाला. डेव्हिड फ्रिथ हे 'विस्डेन क्रिकेट मंथली'चे संपादक. भारतासारख्या दुबळ्या संघांनी पुढच्या वेळी विश्वचषकातून माघार घ्यावी, अशा अर्थाचं त्यांनी स्पर्धेआधी लिहिलं होतं. भारत जिंकल्यावर अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून एका भारतीय वाचकाने पत्र पाठवलं, आता आपले शब्द गिळा. फ्रिथसाहेबांनी खरोखर छापील कागद तोंडात घातला आणि तो फोटो स्वतःच्याच मासिकात छापला. पैजही लागली नव्हती, तरी माणसाने हरल्याचं कबूल केलं. आम्हा लिहिणाऱ्यांना हे सोपं नसतं, अनुभवाने सांगतो.

शब्दाची ही किंमत आपल्याकडे जुनी आहे. 'पैजेचा विडा' हा शब्दच बघा. अवघड कामगिरी असली की दरबारात तबकात विडा ठेवायचे. जो उचलेल, ते काम त्याचं. १६५९ मध्ये अफझलखानाने विजापूरच्या दरबारात असाच विडा उचलला, असं बखरी आणि पोवाडे सांगतात. पुढे प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते पोराटोरांनाही पाठ आहे.

पण पैज कुठे बिघडते, हेही आपल्या जुन्या माणसांना पक्कं माहीत होतं. महाभारतात धर्मराजाच्या द्यूताच्याही आधी, आदिपर्वात, एक पैज येते. कद्रू आणि विनता या दोघी सख्ख्या बहिणी आणि सवतीही. उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीचा रंग कोणता, एवढाच वाद. पण पणाला काय लावलं? हरेल तिने दुसरीची दासी व्हायचं. पण एवढा मोठा म्हटल्यावर कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला चिकटून बसायला लावलं, म्हणजे पांढरी शेपटी काळी दिसेल. विनता दासी झाली. तिला सोडवायला पुढे गरुडाला अमृत आणावं लागलं. मिसळीची पैज असती तर एवढा खटाटोप कुणी केला असता का?

राज्य चालवणाऱ्यांनाही हे कळत होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जुगारावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र द्यूताध्यक्ष आहे आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा ५ सरकारजमा होतात. बलिप्रतिपदेला तर एक नाव द्यूतप्रतिपदा असंही आहे. वर्षातून एक दिवस खेळा, हौस फेडा आणि उठा.

इंग्रजांनी १८७२ च्या करार कायद्यात कलम ३० घातलं, ते आजही आहे. पैजेचा करार रद्दबातल. म्हणजे जिंकलेले पैसे मित्राने दिले नाहीत तर कोर्टात दाद मागता येत नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आणखी स्पष्ट केलं की असा करार रद्दबातल असला तरी तेवढ्यानेच तो बेकायदा किंवा अनैतिक ठरत नाही. मला हे फार आवडतं. कायदा म्हणतो, बाबांनो, यात मी पडणार नाही. म्हणजे उरतो तो फक्त शब्द. शिंपीकाकांना कुठल्या कोर्टाने मिशी काढायला लावली होती?

मात्र जुगाराचा अड्डा चालवणं हा वेगळा विषय. त्यासाठी मुंबई इलाख्यात १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आला. तरी आकडा थांबला नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना काय भाव निघेल, यावर मुंबईत पैसे लागायचे. तो भाव मिळणं बंद झालं तेव्हा १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. त्यातून 'मटका' आला आणि आपल्या गावातल्या कितीतरी घरांची चूल त्यात विझली. नावं तुम्हालाही माहीत आहेत, मला लिहायची गरज नाही.

मग मिसळ आणि मटका यात फरक काय? मला दिसतो तो असा. मित्रांच्या पैजेत समोरचा माणूस दिसतो. हरणारा जे देतो ते जिंकणारा एकटा नेत नाही, सगळे मिळून खातात, हरणाराही खातो. आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा त्याच कट्ट्यावर असतात. मटक्यात समोर कुणीच नसतं. पैसे जातात तिकडे चेहरा नाही.

आता मोबाईल आलाय. आमच्या कट्ट्यावर एक पोरगा यायचा. हुशार, क्रिकेटचा आकडा न् आकडा पाठ. मिसळीच्या पैजेत त्याला कुणी हरवू शकत नव्हतं. हळूहळू तो यायचा बंद झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. घरी बसून फोनवर पैसे लावत होता आणि वडिलांचे सोयाबीनचे पैसे त्यात गेले होते. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "तुम्ही रोज त्याच्याबरोबर बसायचात, तुम्हाला कसं कळलं नाही?" उत्तर नव्हतं. तो आला नाही तेव्हा आम्ही "बिझी असेल" म्हणून मिसळ खात बसलो होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं झालं. पण चोरवाटा असतातच आणि कायदा घरात डोकावून बघत नाही. ते काम कट्ट्याचं आहे. कोण आलं नाही, का आलं नाही, हे विचारायचं.

तो पोरगा आता सावरतोय. त्या कबड्डीच्या पैजेत माझ्या विरुद्ध बाजूला तोच होता. मीच त्याला घरी जाऊन बोलावून आणलं होतं. जिंकल्यावर त्याने दोन पाव जादा मागवले आणि बिल माझ्याकडे सरकवलं. दिलं मी.

तुमच्या गावात कुणी मिशी, टक्कल, जिलेबी, काय काय हरलंय ते नक्की सांगा. आणि कट्ट्यावरचा एखादा बरेच दिवस दिसला नसेल, तर आज संध्याकाळी त्याच्या दारात जा. निमित्त हवं असेल तर म्हणा, पैज लावायची आहे.